एकसष्टावं नाव

सोमवार, ३ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, रोजचं बीपी लिहून ठेवा. आजचं १६४/१०२. एवढ्याशा दोन आकड्यांसाठी अख्खी डायरी घेतली आणि पान रिकामं सोडलं तर मला झोप यायची नाही, म्हणून बाकीचंही लिहितो. कागद वाया गेलेला आपल्याला चालत नाही.

आपण म्हणजे शिक्केवाले. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. या भागातल्या कुठल्याही कचेरीत जा, 'मिळाले', 'रद्द', 'तातडीचे' असं जे काही कागदावर आपटलं जातं, त्यातलं निम्मं माझ्या हातचं. तीस वर्षांत एकही वाकडा शिक्का दुकानाबाहेर गेलेला नाही. स्वतःची टिमकी वाजवायची सवय नाही मला, पण खरं ते खरं.

आज लिहायला कारण नाना. वडील माझे, वय ब्याऐंशी. नोकरीभर नकाशे काढले. आई गेली त्या महिन्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, रोज सकाळी सहाला टेबलाशी बसून लांब वहीच्या एका पानावर 'नमः शिवाय' लिहायचे. चार रकाने, रकान्यात सत्तावीस, एकूण एकशे आठ. लिखित जप म्हणतात त्याला. अक्षर असं की छापलेलं वाटावं.

गेले पाच दिवस वही बंद आहे. हात थरथरतो म्हणून. आज मी विचारलं तर म्हणाले, "त्याचं नाव वाकडं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं."

पटलं मला. आमच्या धंद्याचाही हाच नियम आहे. पण तेव्हापासून नाना नुसते खिडकीशी बसून असतात. अर्धी पोळी खातात, उरलेली परत पाठवतात. आमची ही म्हणाली, "त्यांचं काहीतरी करा हो, माणूस विझत चाललंय." मी म्हटलं, पंधरा दिवसांत मार्गी लावतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बीपी १६०/१००. ही म्हणते, आजपासून तुमच्या जेवणातलं मीठ कमी.

नानांना विचारलं, "संकल्प किती नावांचा होता? किती राहिलीत?"

"कशाला किती?"

"अहो, काही आकडा असेल ना. कोटी, सव्वा कोटी?"

"आकडा कशाला धरायचा? पोस्टात टाकायचंय का ते?"

सरळ बोलतील तर शपथ. आकडा असणारच, मला सांगायचा नसेल. असू दे. रोग कळला, औषधही आपल्याकडेच आहे. हात चालत नाही ना? मग शिक्का करायचा! त्यांच्याच वहीतलं एक नाव घेऊन, त्यांच्याच अक्षरात. एकशे आठ वेळा आपटलं की झालं पान. दोन मिनिटांचं काम. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शिक्का दिला. सागाची मूठ, मऊ गादी, उत्तम काम. नानांनी तो बराच वेळ हातात फिरवला. मग वहीत एकदा उमटवला, शेजारी दुसऱ्यांदा. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"छान झालाय," म्हणाले. "पण सगळी सारखीच येतात की रे."

शिक्का आहे तो! सारखीच येणार! त्यासाठीच लोक पायऱ्या चढून माझ्याकडे येतात! पण नानांनी शिक्का डबीत ठेवला आणि गेले खिडकीशी.

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडत होतो. एका मास्तरांनी शाळेच्या शिक्क्यात पिनकोड चुकीचा दिला होता, त्यांना तर असं झापलं की ते छत्री विसरून गेले. संध्याकाळी बीपी १७०. मास्तरांमुळे.

सोमवार, १० नोव्हेंबर

ठरलं. सारखी नकोत ना? ठीक. जुन्या वहीतलं एक आख्खं पान घेतो आणि त्यावरची एकशे आठच्या एकशे आठ नावं जशीच्या तशी रबराच्या एकाच तक्त्यावर कापतो. पानाएवढा ठसा. शाईचा रूळ फिरवा, कागद ठेवा, हात फिरवा, पान तयार. एकही नाव दुसऱ्यासारखं नाही. मग बघू काय खोड काढतात.

शिक्के कापायच्या मशीनवर करून पाहिलं. पेनाच्या कडा फिसकटतात, वहीच्या रेघाही मध्ये येतात. मशीन सगळ्यांना देतं तेच मलाही देणार. आपला हात जगन्नाथ. ज्यांच्याकडे धंदा शिकलो त्या उस्तादांनी दिलेलं पातं बावीस वर्षांनी बाहेर काढलं, परजलं.

वेळ सकाळी सहा ते सात, दुकान उघडण्याआधी. दिवसाला तीन नावं. डिसेंबर संपायच्या आत उरकतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पहिलं नाव कापलं. एकच झालं. हे वाटतं तितकं सोपं नाही, पण डायरीशिवाय कुणाला सांगणार नाही.

पद्धत अशी: वहीतलं नाव ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने उतरवायचं, पेपर पालथा घालून रबरावर घासायचा. अक्षर उलटं उमटतं. उलटं कापलं की सुलटं छापतं. मग अक्षराच्या भोवतालचं सगळं रबर काढून टाकायचं. अक्षराला पातं लावायचंच नाही. जे अक्षर नाही तेवढंच कापायचं, उरतं ते नाव.

'न' गेला, 'म' गेला, आणि विसर्गाचे दोन ठिपके टपकन तुटून खाली पडले. पुन्हा सुरुवात. पुन्हा तुटले. माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते त्या नावाच्या शेजारी शोभणारे नव्हते.

मागून आवाज आला, "श्वास कोंडतोयस तू." नाना दारात उभे. शाल पांघरून, खुर्चीला धरून. "विसर्ग आला की श्वास सोडायचा. लिहितानाही तसंच."

सोडून पाहिला. ठिपके राहिले! हात स्थिर ठेवायची चांगली युक्ती आहे. उस्तादांना कशी माहीत नव्हती कोण जाणे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

चौदा नावं झाली. बीपी १५०/९४. मीठ कमी केल्याचा गुण येतोय.

नाना आता रोज पावणेसहालाच दुकानातल्या खुर्चीत येऊन बसतात. देखरेख करतात झालं. नकाशेवाला माणूस, दुसऱ्याच्या रेघेत चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. "वेलांटी घाईत कापलीस," म्हणतात. बघावं तर खरंच घाईत कापलेली. जाऊ दे, बसू देत. आज पोळी पूर्ण खाल्ली त्यांनी.

मास्तर छत्री न्यायला आले होते. पिनकोड बदलून शिक्का हातात ठेवला, चहा पाजला. ते गेल्यावर ही आतून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघते! म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. ताप आहे का बघितलं."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सव्वीस.

आज विचारलं, "नाना, हेच नाव का? दुसरी सोपी आहेत की. दोन अक्षरांत मोकळं होता आलं असतं. मलाही कापायला कमी."

नाना हसले. हसताना दात नसलेली बाजू दिसली. लहानपणी मी ह्यांना फार घाबरायचो.

"अक्षरं पाच आहेत बघ," म्हणाले. "न म्हणजे माती, म म्हणजे पाणी, शि अग्नी, वा वारा, य आकाश. जुने लोक असं सांगतात. ज्याचं हे सगळं बनलंय, तूही, मीही, ते एकदा क्रमानं हाताखालून जातं. खालून वर. मातीपासून आकाशापर्यंत."

"आणि 'नमः'चा अर्थ नमस्कार. एवढं मला येतं."

"नमस्कार तर खराच. पण आणखी एक सांगतात, 'न मम'. माझं नाही. तुझी आई गेली तेव्हा घर, भांडी, माणसं, सगळ्याला मी माझं माझं म्हणत बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, लिहून बघ. एकशे आठ वेळा 'माझं नाही' लिहिलं की तेवढा एक तास बरा जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझं होतंच सगळं. म्हणून रोज."

एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं म्हणा. मी विषय बदलला, पातं बोथट झालंय म्हणालो. पण कारागीर म्हणून एक नोंद करतो: 'न'ची उभी रेघ खरंच जमिनीत रोवल्यासारखी लागते आणि 'य'च्या पोटात हवा भरपूर आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

अठ्ठेचाळीस. बीपी १४०/८८. मीठ!

हिनं आज मला पकडलं. म्हणे, "तुम्ही जप करताय." मी म्हटलं, छे. अगं, कापताना अक्षर तोंडात धरावं लागतं, नाहीतर उलट्या अक्षरात पातं भरकटतं. सुतार नाही का माप पुटपुटत? त्याला कुणी जप म्हणतं का? देवधर्म नानांचं खातं आहे, माझं खातं रबराचं.

"बरं बरं," म्हणाली आणि चहा ठेवून गेली. तिचं ते 'बरं बरं' मला आवडत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

साठ पूर्ण झाली. अर्ध्याच्या वर आलो.

संध्याकाळी नाना मोरीत घसरले. डोकं उंबऱ्यावर आपटलं. शुद्धीत होते, पण बोलणं जड. गाडी बोलावून दवाखान्यात नेलं, ठेवून घेतलंय. ही तिथे थांबली आहे, मला म्हणाली घरी जा, सकाळी या.

बुधवार, ३ डिसेंबर

सहाला उठून दुकानात बसलो. खुर्ची रिकामी. एकसष्टावं कापलं, बाकीची दोन राहू दिली. डबा घेऊन निघतो.

गुरुवार, ४ डिसेंबर

डॉक्टर म्हणतात, मेंदूला सूज आहे, उतरेल बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द शिक्क्यावर माझ्याकडे कुणी कधी मागितला नाही, आणि त्याचं कारण आज कळलं.

दुपारभर पलंगाशी, त्यांच्या समोर तोंड करून बसलो. नाना डोळे मिटून. उजव्या हाताचं बोट चादरीवर हलत होतं. नर्स म्हणाली, कंप आहे, वयाने होतो. मलाही आधी तेच वाटलं.

मग लक्ष गेलं. उभी रेघ. गाठ. पुन्हा उभी. माझ्या बाजूनं उलटं दिसत होतं, पण उलटं वाचणं हा माझा धंदा आहे. 'शि' झाला. 'वा'चा काना दिला. 'य' करून बोट थांबलं, आणि पुन्हा सरकून 'न' वर आलं.

मी त्यांचं प्रत्येक अक्षर ओळखत होतो, ते कुठे वळणार हे बोट वळायच्या आधी मला कळत होतं. नर्सला सांगितलं नाही. पहिल्यांदा मोठी भीती वाटली, माणूस हातचं जाणार म्हणून, आणि मी तिथेच ढसाढसा रडलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मला पाणी दिलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

नाना घरी! बोलणं सुधारलं. हात मात्र आता जास्तच हलतो, कपबशी धरता येत नाही. पण सहाला हाक आली, "मला त्या खुर्चीत बसवा." बसवलं. एका दिवसात पाच नावं कापली मी. आता दम धरवत नाही. त्यांच्या पुढ्यात पान ठेवायचंच.

शनिवार, २० डिसेंबर

एकशे आठ! शेवटचा विसर्ग श्वास सोडून कापला, शेवटचा 'य' मोकळा केला आणि उगाच थोडा वेळ पातं हातात धरून बसलो. नाना म्हणाले, "संपलं?" मी म्हटलं, संपलं. दोघांनाही म्हणावा तेवढा आनंद झाला नाही, भूक लागली असेल. उद्या छापतो.

रविवार, २१ डिसेंबर

सकाळी तक्त्यावर शाई फिरवली. कागद ठेवला, तळहातानं दाबत गेलो, एका कोपऱ्याला धरून उचलला. एकशे आठ नावं, नानांच्या उमेदीच्या अक्षरात. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभा राहिलो. हिलाही बोलावलं. असं काम रोज होत नाही.

नाना एकेका नावावरून बोट फिरवत होते. पहिला रकाना, दुसरा. तिसऱ्या रकान्यात बोट थांबलं. मान तिरकी केली त्यांनी.

"अरे," म्हणाले, "हा शंकर पाठमोरा बसलाय."

बघतो तर एक नाव उलटं! आरशात दिसावं तसं! मोजलं, एकसष्टावं. ही डायरी काढून बघितली: ३ डिसेंबर. त्या सकाळी ट्रेसिंग पेपर पालथा घालायचाच विसरलो होतो, उमटेना म्हणून वरूनच दाबून गिरवला होता. कापणी उत्तम, आणि नाव सुलटं कापून ठेवलेलं. पहिल्या आठवड्यातला शिकाऊ उमेदवार करतो ती चूक! तीस वर्षांत एकही नाही, आणि केली ती कुठे तर इथे!

"द्या तो कागद," मी म्हटलं. "फाडतो. तक्ताही मोडीत. वाकडा शिक्का माझ्या दुकानातून बाहेर जात नाही."

नानांनी कागद छातीशी धरला. हात थरथरत होता आणि कागद नुसता फडफडत होता, पण सोडेनात.

"हे कधी कापलंस?"

"तुम्ही दवाखान्यात होता त्या सकाळी."

नानांनी त्या एका नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एकशे सात माझी आहेत. माझं अक्षर बघून केलेली. हे एक तुझं आहे. याला हात लावायचा नाही."

"अहो, पण ते वाचता येत नाही!"

"आपल्याला. ज्याचं आहे तो दोन्ही बाजूंनी वाचत असेल." आणि मग हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "हे चालतंय त्याला. मग माझं का नाही चालणार?"

हिनं पदर डोळ्यांना लावला. का ते मला त्या क्षणी कळलं नाही, चुकीच्या कामात रडण्यासारखं काय आहे. नानांनी विचारलं, "माझी वही कुठाय?"

मंगळवार, २३ डिसेंबर

नाना लिहितात! सहा ते सात, माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तासाला एक नाव होतं, फार तर दोन. पानभर मोठं, वेडंवाकडं. 'न'ची रेघ नदीसारखी. 'शि'ची वेलांटी छप्पर उडाल्यासारखी. विसर्गाचे दोन ठिपके दोन गावांना. काम झालं की पेनाला टोपण लावून मला दाखवतात आणि दोन पोळ्या खातात.

माझं मात्र काम संपलेलं. सहा वाजता जाग येते ती येतेच. काल पाती परजली, आज पुन्हा परजली. हात शिवशिवतात. तो मोठा ठसा भिंतीला टेकवून ठेवला आहे. नाना त्यावरून छापू देत नाहीत, म्हणतात, एकदा झालं ते झालं.

दुपारी एका कचेरीचा 'रद्द' कापताना तोंडात भलतंच नाव होतं. काम चुकलं नाही, हे विशेष.

बुधवार, २४ डिसेंबर

बीपी १२६/८०. डॉक्टर खूश. म्हणाले, काय केलंत? मी सांगितलं, मीठ कमी. घरी येऊन हिला शाबासकी दिली, तुझ्या पथ्यानं गुण आला म्हणून.

ही पोळी लाटता लाटता थांबली. "मीठ?" म्हणाली. "दोन दिवस केलं होतं कमी. तुम्ही ताट सरकवलंत, तेव्हापासून होतं तेवढंच घालतेय."

पुढे जाऊ.

आज नानांनी लिहिलेलं नाव मी मागून घेतलं. ट्रेसिंग पेपर ठेवला, उतरवलं, पेपर पालथा घातला, दोनदा खात्री केली.

"हे नको रे," नाना म्हणाले. "किती हललंय बघ. जुन्या वहीतलं घे."

"नाना," मी म्हटलं, "सरळ रेघ कुणालाही कापता येते. ही हललेली तशीच्या तशी कापायला शिक्केवाला लागतो."

ते पेनाचं टोपण काढून वहीवर वाकले.

तासाभरात माझी एकच रेघ झाली, 'न'ची उभी. तिच्यात सतरा थरथरी आहेत, सतराच्या सतरा ठेवल्या. बाकी उद्या सहाला.